कॅबिनेट ऐसपैस आहे की नुसतंच मोठं?

संगणकाचं कॅबिनेट निवडताना नजर आधी बाहेरून फिरते: काच केवढी, दिवे किती, पुढची जाळी कशी. मग आकार. ४५० मिमी लांब, २२० रुंद आणि ४७० उंच डबा ४६.५ लिटरचा होतो, आणि मिड-टॉवर (मध्यम उंचीची) म्हणून विकली जाणारी पुष्कळ कॅबिनेटं याच्याच आगेमागे असतात. पण तेवढ्याच लिटरांच्या दोन कॅबिनेटांपैकी एकात जोडणी दोन तासांत उरकते आणि दुसऱ्यात दिवस कलला तरी मागचं झाकण बसत नाही. मोकळी जागा कुठे सोडली आहे, यावर सगळं ठरतं. मदरबोर्डच्या (सगळे भाग ज्याला जोडतात त्या मुख्य बोर्डाच्या) पुढे वीतभर पोकळी असली आणि मागे केबल दाबायला जेमतेम १५ मिमी ठेवले, तर ती पोकळी फोटोत छान दिसते, इतकंच.

म्हणून लिटर बाजूला ठेवा. हात कुठे शिरतो आणि केबल कुठे वळते, अशा पाच-सहा जागा आहेत. त्या तेवढ्या मोजायच्या.

आधी मदरबोर्डचं माप

एटीएक्स मदरबोर्ड ३०५ × २४४ मिमीचा असतो, मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ × २४४ चा आणि मिनी-आयटीएक्स १७० × १७० चा. मोठ्या बोर्डाच्या कॅबिनेटात लहान बोर्ड बसतो, कारण स्क्रूच्या भोकांची मांडणी जुळती ठेवलेली आहे. पहिल्यांदाच हात घालणाऱ्याला आम्ही मुद्दाम हेच सुचवू: एटीएक्स कॅबिनेट आणि आत मायक्रो-एटीएक्स बोर्ड. खाली सहा सेंटीमीटर रिकामे राहतात, जरा बोडकं दिसतं, पण समोरच्या बटणांच्या पिना, ऑडिओचा हेडर (केबल खोचायच्या पिनांचा जोड), यूएसबी २.० चा हेडर हे सगळं बोर्डाच्या खालच्या कडेलाच असतं आणि तिथे बोटं सहज पोचतात. पूर्ण एटीएक्स बोर्डाची हीच कड एसएमपीएसवरच्या (वीज पुरवणाऱ्या डब्यावरच्या) झाकणाला इतकी चिकटून येते की पिना बघायला टॉर्च आणि आरसा दोन्ही लागावेत.

फसगत होते ती ई-एटीएक्समध्ये. या नावाचं पूर्ण माप ३०५ × ३३० मिमी आहे, पण त्याच नावाने विकले जाणारे बरेच बोर्ड २७०-२८० मिमी रुंदीचेच असतात. 'ई-एटीएक्स बसतो' असं छापणारी कित्येक कॅबिनेटं या अरुंद बोर्डांबद्दलच बोलत असतात. बोर्ड बसतोही, पण उजव्या कडेची केबल आत घ्यायची भोकं त्याच्याखाली झाकली जातात. मग बोर्डाला वीज देणारी २४-पिनची जाड केबल कुठून आणायची? म्हणून नावावर न जाता कॅबिनेटच्या माहितीत बोर्डाची कमाल रुंदी मिलिमीटरमध्ये दिली आहे का, ते बघावं.

ट्रेच्या मागची जागा

मदरबोर्ड ज्या पत्र्यावर बसतो तो ट्रे. त्याच्या आणि मागच्या झाकणाच्या मधली फट हीच आमच्या मते कॅबिनेटची खरी परीक्षा, आणि खरेदी करताना नेमकी हीच कोणी बघत नाही.

२४-पिन केबलमधल्या चोवीस तारांची मोळी बांधली की साधारण १३ मिमी जाडीचा दोर होतो. सीपीयूच्या (प्रोसेसरच्या) आठ तारांचा सात-आठ मिमीचा. हे दोन एकमेकांवरून गेले की तिथेच २० मिमी संपले. म्हणून २० ही किमान मर्यादा धरावी, २५ असतील तर निवांत काम होतं, आणि १५ असतील तर चपट्या पट्टीसारख्या केबल घेण्यावाचून इलाज नाही; शिवाय एकही केबल दुसरीवरून जाऊ द्यायची नाही, हे पथ्य पाळावं लागतं. गुडघ्याने दाबून झाकण लावलं तर ते बसतं, पण पत्रा फुगतो, आणि आत एखादा डिस्कचा सॅटा कनेक्टर तिरका दाबला जाऊन डिस्क मधूनच गायब व्हायला लागते. दोष डिस्कचा समजून लोक डिस्क बदलतात.

इथे एक बारकी मेख आहे. छापलेला आकडा बहुधा सगळ्यात खोल ठिकाणचा असतो. पुढच्या कडेला उभी खाच ३० मिमी खोल, पण प्रोसेसरच्या मागे फक्त १६, असं सर्रास आढळतं. त्या उभ्या खाचेत वेल्क्रोचे पट्टे आधीच बसवलेले असतील आणि बाकी ट्रेवर केबल बांधायचे आकडे जागोजागी असतील, तर १६ मिमीतही भागतं, कारण जाड केबल सगळ्या खाचेत जातात आणि पसरट भागावर फक्त पंख्यांच्या बारीक तारा येतात. त्यामुळे मागचं झाकण काढलेला फोटो पाहिल्याशिवाय कॅबिनेट पसंत करू नये.

आता भोकं. बोर्डाच्या उजवीकडे दोन-तीन लांबट भोकं हवीत, २४-पिनचा कनेक्टर आडवा जाईल एवढी; तो कनेक्टर पाच सेंटीमीटरहून थोडा जास्तच लांब असतो. वरच्या डाव्या कोपऱ्यातलं भोक मात्र सगळ्यात मोलाचं. सीपीयूची आठ-पिन केबल तिथून येते, आणि छताला पाण्याने थंड करणाऱ्या कूलरचा रेडिएटर लागला की त्या कोपऱ्यात बोट सोडा, पेन्सिलही शिरत नाही. ही केबल बोर्ड कसण्याआधीच भोकातून आत काढून ठेवायची, आणि छताला रेडिएटर वा पंखे लावायच्या आधी खोचून टाकायची. काही बोर्डांना असे दोन आठ-पिन सॉकेट असतात. दोन्ही वापरायचे असतील तर भोक दोन कनेक्टर एकामागून एक जातील इतकं रुंद हवं.

मोठ्या कॅबिनेटचा तोटा इथेच दिसतो. एसएमपीएस तळाला, सॉकेट वरच्या टोकाला, आणि केबल मागून वळसा घेऊन जाणार. ढोबळमानाने कॅबिनेटच्या उंचीत १५ सेंटीमीटर मिळवा. आठ-पिन केबल निदान तेवढी लांब हवी. ५० सेंटीमीटर उंच कॅबिनेटला ६० सेंटीमीटरची केबल तोकडी पडते आणि मग ती बोर्डावरून तिरकी ताणून न्यावी लागते. फुल टॉवरमध्ये, म्हणजे सगळ्यात उंच कॅबिनेटांत, हे फार होतं.

प्रोसेसरच्या मागे ट्रेला मोठी खिडकी कापलेली असते. कूलरची मागची पट्टी बदलायची झाली तर बोर्ड न काढता तिथून काम होतं. ही खिडकी ऐसपैस असावी. हल्ली असूसचे बीटीएफ, एमएसआयचे प्रोजेक्ट झिरो असे बोर्ड निघाले आहेत, ज्यांचे कनेक्टर बोर्डाच्या पाठीलाच असतात. त्यांना ट्रेवर त्या त्या जागी वेगळे काप लागतात. साध्या कॅबिनेटात ते बसणारच नाहीत. पुढेमागे तसा बोर्ड घ्यायचा विचार असेल तर काप असलेलं कॅबिनेट घ्यावं, कारण त्यात साधा बोर्डही चालतो.

छापलेल्या आकड्यातून वजाबाकी

ग्राफिक्स कार्ड किती लांब चालेल, कूलर किती उंच चालेल, रेडिएटर कोणता बसेल: हे तिन्ही आकडे माहितीपत्रकात असतात आणि तिन्ही एकेकटे खरे असतात. सगळे एकाच वेळी खरे असतीलच असं नाही.

कार्डापासून सुरुवात करू. समजा ३८० मिमीची मर्यादा लिहिली आहे आणि ती पुढे काहीच न लावता मोजलेली आहे. पुढे पंखा लावला की त्याचे २५ मिमी गेले. रेडिएटर लावला की त्याचे साधारण २७ आणखी गेले. उरले ३२८. आता ३३६ मिमीचं तीन पंख्यांचं कार्ड त्यात जात नाही, आणि हे कळतं ते सगळं जोडून झाल्यावर. काही कंपन्या मर्यादा पंख्यासकट मोजून देतात. तिथे रेडिएटरचे २७ तेवढे वजा करायचे. कुठली पद्धत वापरली आहे ते माहितीपत्रकाच्या तळटीपेत असतं. कार्डाची लांबी आणि उरलेली जागा यांत २० मिमीचा फरक राहिला तर उत्तम, कारण लांब कार्ड सरळ ढकलून बसत नाही; आधी तिरकं घालून मग मागची पट्टी खाचेत उतरवावी लागते.

लांबीपेक्षा रुंदी जास्त छळते, आणि ती फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. एनव्हिडियाच्या वरच्या कार्डांना बारा व्होल्टचा सोळा-पिनांचा एकच बारका कनेक्टर असतो. त्यातून निघालेली केबल निदान ३५ मिमी सरळ यावी आणि मगच वळावी, अशी सूचना असते. लगेच मुरडली की पिनांवर तिरका ताण येतो, कनेक्टर पूर्ण न बसता किंचित बाहेर राहतो, तिथे उष्णता साठते आणि प्लॅस्टिक वितळल्याची उदाहरणं सर्वांना ठाऊक आहेत. कार्ड बोर्डापासून १४० मिमी वर येत असेल तर काचेपर्यंत १७५ मिमी तरी हवेत. हे अंतर माहितीपत्रकात सहसा नसतं, पण त्याच्या जवळ जाणारा आकडा असतो: कूलरची कमाल उंची. कूलरसाठी १६० मिमी लिहिलेल्या कॅबिनेटात असं कार्ड घातलं तर केबल काचेला टेकणार, हे घरबसल्या कळतं. १७० ते १८० असतील तर निश्चिंत राहावं.

त्याच आकड्याचं मूळ काम विसरायला नको. एका मनोऱ्याचे (धातूच्या पात्यांचा एकच उभा गठ्ठा असलेले), १२० मिमी पंख्याचे कूलर १५५ ते १६० मिमीचे असतात. नॉक्चुआचा एनएच-डी१५ हा दोन मनोऱ्यांचा कूलर १६५ मिमीचा आहे. पण ही उंची पंखा जागेवर असतानाची. रॅमच्या कांड्या उंच, चकाकत्या टोपणांच्या असल्या तर पुढचा पंखा त्यांच्यावर टेकतो आणि वर सरकवावा लागतो; दहा मिमी सरकवला तर कूलरची उंचीही जवळपास तेवढीच वाढली. साध्या, बिनटोपणाच्या रॅमची उंची ३१-३२ मिमी असते, चकाकत्या रॅमची ४०-४५ पर्यंत जाते.

छताच्या रेडिएटरचं गणितही रॅमशीच येऊन थांबतं. रेडिएटर २७ आणि पंखे २५, मिळून ५२ मिमी. छतापासून बोर्डाच्या वरच्या कडेपर्यंत साडेपाच-सहा सेंटीमीटर मोकळे असतील तर प्रश्नच नाही. तेवढे नसतील तर बरी कॅबिनेटं रेडिएटरची भोकं काचेच्या बाजूला सरकवून ठेवतात. रेडिएटर मग बोर्डाच्या बाजूने, बोर्डावरच्या हीटसिंकना (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्यांना) टाळून खाली उतरतो. तरीही तो उंच रॅमला अडतो, आणि प्रामाणिक कंपनी 'छताला रेडिएटर असल्यास रॅम अमुक मिमीपर्यंत' असं लिहिते. हे वाक्य जिथे सापडेल त्या कंपनीने बाकीचे आकडेही नीट मोजले असणार, असा आमचा अनुभवाने बनलेला समज आहे. आणखी एक: ३६० मिमीचा म्हणून विकला जाणारा रेडिएटर प्रत्यक्षात ३९५-४०० मिमी लांब असतो, कारण दोन्ही टोकांना पाण्याच्या टाक्या असतात. २४० चा असाच २७५-२८० भरतो. '३६० चे तीन पंखे बसतात' म्हणजे ३६० चा रेडिएटर बसतो असं नव्हे.

तळघर

एटीएक्स एसएमपीएसची रुंदी १५० आणि उंची ८६ मिमी ठरलेली. लांबी मात्र १४० पासून १८० आणि पुढेही जाते. लागतील तेवढ्याच केबल खोचता येणारा (मॉड्युलर) एसएमपीएस असेल तर कनेक्टर आणि केबलचं पहिलं वळण यांना आणखी ५०-६० मिमी लागतात. १६० चा एसएमपीएस म्हणजे २२० मिमीची जागा, हे धरून चालावं. त्याच्यासमोर हार्ड डिस्कचा पिंजरा असतो आणि पुढून रेडिएटर आत येतो. तिघांची गर्दी होते. पिंजरा पुढेमागे सरकवता किंवा स्क्रू काढून उचलता येत असेल तर चांगलंच. रिव्हेटने ठोकलेला असेल तर ते कॅबिनेट सोडून द्यावं. ज्यांना डिस्क लावायचीच नाही त्यांनी पिंजरा पहिल्याच दिवशी काढून ठेवावा, जादा केबल कोंबायला तेवढी जागा मिळते.

केबल एसएमपीएसला आधी खोचायच्या, मग एसएमपीएस आत सरकवायचा. उलट केलं तर बोटं सोलवटतात.

काच दोन बाजूंनी असलेली रुंद, दोन कप्प्यांची कॅबिनेटं एसएमपीएस बोर्डाच्या मागच्या कप्प्यात घेतात. लिआन लीच्या ओ११ डायनॅमिकने हा प्रकार लोकप्रिय केला. जोडणीला यांच्याइतकं सोपं दुसरं काही नाही, मागे अख्खा हात जातो. बदल्यात टेबलावरची रुंदी २७-२८ सेंटीमीटर आणि पुढे जाळीऐवजी काच, म्हणून हवा बाजूने आणि तळातून घ्यावी लागते. पंखे जास्त लागतात. तळातून हवा घ्यायची तर पाय निदान दोन-अडीच सेंटीमीटर उंच हवेत.

पत्रा, स्क्रू आणि स्टँडऑफ

ओढून-ढकलून बघा: झाकणं काढल्यावर सांगाडा हाताने पिळला जातो का? अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा पिळला जातो, आणि मग बोर्डाची नऊपैकी सात भोकं जुळतात, दोन जुळत नाहीत. ०.८ मिमीच्या आसपासचा पत्रा असेल तर ही कटकट नसते. कार्डांच्या जागा झाकणाऱ्या मागच्या पट्ट्या स्क्रूने काढता-लावता येणाऱ्या असाव्यात. तोडून काढायच्या पट्ट्या असल्या तर त्या बोर्ड बसवण्याआधी तोडाव्यात, कारण पिळताना त्यांची धारदार कड बोर्डावर घसरते.

स्टँडऑफ हे पितळी किंवा लोखंडी ठोकळे बोर्डाला ट्रेपासून साडेसहा मिमी वर धरतात. एटीएक्स बोर्डाला नऊ लागतात, मिनी-आयटीएक्सला चार. बोर्डाला भोक नाही अशा जागी एखादा स्टँडऑफ राहिला तर तो बोर्डाच्या पाठीवरच्या डाखाला टेकतो आणि शॉर्ट होतो. बटण दाबल्यावर पंखा अर्धा फेरा फिरून थांबतो. म्हणून बोर्ड आत ठेवण्याआधी वरून बोर्ड धरून भोकं मोजायची आणि जादा स्टँडऑफ काढायचे. मधल्या स्टँडऑफला वर छोटी कणी असेल तर फार सोय होते: बोर्ड तिच्यावर आपोआप अडकतो आणि दोन्ही हात स्क्रूसाठी मोकळे राहतात.

स्क्रू दोन आट्यांचे येतात. जाड आट्यांचे ६-३२, हे ३.५ इंची डिस्क, एसएमपीएस आणि कॅबिनेटच्या झाकणांना. बारीक आट्यांचे एम३, हे २.५ इंची एसएसडीला. मदरबोर्डला दोन्हींपैकी कोणतेही असू शकतात, स्टँडऑफवर अवलंबून. दिसायला जवळजवळ सारखेच. ६-३२ च्या भोकात एम३ सैल फिरतो. एम३ च्या भोकात ६-३२ दोन फेऱ्यांनंतर अडतो आणि जोर केला की आटे मरतात. वेगवेगळ्या, नावं छापलेल्या पुड्यांत स्क्रू देणारं कॅबिनेट यासाठीच बरं.

समोरच्या तारा

पॉवर बटण, रिसेट, दोन दिवे: या चिमुकल्या तारा सगळ्यांना नकोशा वाटतात. बटणांच्या तारा उलट्या लावल्या तरी चालतात, दिव्यांच्या नाहीत. दिवा लागला नाही तर फिरवून लावायचा, बिघडत काही नाही. आता काही कॅबिनेटांत या सगळ्या एकाच ठोकळ्यात येतात. सुखाची गोष्ट आहे.

यूएसबी ३ ची एकोणीस-पिनांची केबल मात्र जपून हाताळायची. ती ताठ असते आणि तिच्या हेडरच्या पिना नाजूक. तिरकी दाबली की पिन वाकते, हलवून-हलवून उपटली की हेडरच बोर्डावरून उचलला जातो. तिच्यासमोर ट्रेला भोक असेल तर ती सरळ आत येते आणि निम्मा त्रास वाचतो. समोर टाइप-सी असेल तर त्याचा वेगळा हेडर आपल्या बोर्डावर आहे ना, हे कॅबिनेट घेण्याआधी तपासावं. स्वस्त बोर्डांवर तो नसतो आणि मग ते भोक शोभेचं राहतं.

हवा

पुढे जाळी, आत दोन-तीन पंखे, मागे एक. साध्या संगणकाला एवढं पुरतं. पंख्याची मोकळी बाजू हवा ओढते आणि आडव्या काड्यांची बाजू हवा फेकते, हे लक्षात ठेवलं की उलटा पंखा लागत नाही. दोन १४० चे आणि तीन १२० चे यांचं तोंड जवळपास सारखंच मोठं असतं; १४० चे कमी वेगाने फिरून तेवढीच हवा देतात म्हणून शांत. तळाची धुळीची जाळी पुढून बाहेर येते की मागून, हे विचारा. मागून येणारी जाळी काढायला दर वेळी सगळ्या तारा सोडून कॅबिनेट ओढावं लागतं, त्यामुळे ती कधीच धुतली जात नाही.

घरी आल्यावर

खोका उघडला की लगेच जोडणी सुरू करू नका. दोन्ही झाकणं काढा, रिकाम्या कॅबिनेटात नुसतं ग्राफिक्स कार्ड आणि रेडिएटर धरून बघा, मदरबोर्ड स्टँडऑफवर न कसता ठेवून नऊही भोकं डोळ्यांनी जुळवा. परत करायची वेळ आलीच तर ती याच टप्प्यावर आलेली बरी. मग प्रोसेसर, रॅम, एम.२ एसएसडी (बोर्डावरच बसणारी) आणि कूलरची पट्टी बोर्डावर बाहेरच बसवायची. आत क्रम असा ठेवला तर हात कुठेच अडत नाही: बोर्डाच्या मागच्या पोर्टांभोवतीची पट्टी सुटी असेल तर ती, सीपीयूची केबल भोकातून, बोर्ड, समोरच्या तारा, एसएमपीएस, मग छताचा रेडिएटर, आणि ग्राफिक्स कार्ड सगळ्यात शेवटी. कार्ड आधी बसवलं की खालच्या कडेचे सगळे हेडर त्याच्या सावलीत जातात.

काढलेली काच फरशीवर उभी करून भिंतीला टेकवू नका. कडक काच मधोमध हातोडीचा टोला सोसेल, पण कडेला टाइलचा साधा टोला लागला तरी तिचा क्षणात चुरा होतो. टाइलचा पृष्ठभाग काचेहून कठीण असतो. गादीवर किंवा दुमडलेल्या चादरीवर ती आडवी ठेवा, आणि परत लावताना आधी खालची कड खाचेत उतरवून मगच वरचे स्क्रू घ्या.